सौर वीज एवढी स्वस्त आहे, तर कोळशाची वीजकेंद्रं बंद का होत नाहीत?

तुमचा प्रश्न असा की सौर वीज कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त पडते, तरी सरकार औष्णिक केंद्रं चालूच ठेवतं, वर नवे संच उभारतं. हे सगळं राजकारण आहे का? मी भुसावळजवळचा. घरी केळी आहे, वडील रेल्वेत होते, आणि दीपनगरच्या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू घरातच ऐकत आलोय.

स्वस्त झाली हे खरंच. २०१० च्या सुमारास सौर विजेचे लिलाव युनिटला १२ रुपयांच्या आसपास जात होते. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तोच दर १ रुपया ९९ पैशांवर आला. पण हा दर ऊन असतानाच्या युनिटचा आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, रात्री अकरालाही भिंतींना हात लावला तर चटका बसतो, आणि घराघरांत कूलर तेव्हाच सुरू असतात. त्या वेळची वीज एकतर साठवलेली हवी, नाहीतर कोळशाची किंवा धरणाची. बॅटरीचे दर उतरताहेत, पण साठवणुकीचा खर्च धरला की हिशोब १ रुपया ९९ पैशांचा राहत नाही. वारा थोडी मदत करतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच आहे, आणि त्या सगळ्यात जास्त फिरतात पावसाळ्यात, म्हणजे ऊन कमी असतं तेव्हा. तेवढी जोडी चांगली जमते.

दुसरी गोष्ट कराराची. औष्णिक केंद्राशी वीज खरेदीचा करार साधारण २५ वर्षांचा असतो आणि त्यात दराचे दोन भाग असतात. कोळसा जळेल तेवढा बदलता आकार, आणि केंद्र उभारायला काढलेल्या कर्जाचा वगैरे स्थिर आकार. दुपारी सौर वीज आली म्हणून संच कमी भारावर चालवला तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. दीपनगरला २०१२ ते २०१४ दरम्यान ५००-५०० मेगावॉटचे दोन संच आले आणि आता ६६० मेगावॉटचा नवा संच उभा राहिला आहे. त्यांचं कर्ज फिटायच्या आत ते बंद करायचे म्हणजे त्याचा बोजा तुमच्या-माझ्या बिलावर येणार. म्हणून बंद होतात ते जुने, पैसे फिटलेले संच. माझ्या मते खरा वाद नवा संच उभारण्याआधी व्हायला हवा, कारण एकदा तो उभा राहिला की पुढच्या पिढीचं बिल तिथेच ठरून जातं.

रेल्वेचं कुणी फारसं बोलत नाही, पण भुसावळच्या माणसाला ते आधी सुचतं. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने जवळपास निम्मा माल कोळसा असतो. प्रवासी गाड्या तोट्यात चालतात आणि तो तोटा मालगाड्यांच्या भाड्यातून भरून निघतो. म्हणजे पॅसेंजरचं तिकीट स्वस्त राहतं त्यात कोळशाच्या मालगाड्यांचा वाटा मोठा आहे. कोळसा गेला तर तिकीट वाढवायचं की सरकारी तिजोरीतून तोटा भरायचा, हे कुठल्याही पक्षाला जाहीरपणे सांगायला नको असतं. शिवाय दीपनगरच्या गेटवर रोज उभे राहणारे कंत्राटी कामगार, राख वाहणारे ट्रकवाले, राखेच्या विटा पाडणारे आहेत. सोलर प्लांट उभा राहिला की तिथे उरतात पॅनल धुणारे, गवत कापणारे आणि वॉचमन.

आता शेतकऱ्याकडे येतो. थ्री फेज लाईट रात्रीची असली की मोटर चालू करायला अंधारात केळीत शिरावं लागतं. साप असतात, आणि यावल-रावेरच्या पट्ट्यात बिबट्याही. आमच्या शिवारात कुणालाही विचारा, तो आधी दिवसाची लाईट मागेल. २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच मागणीवर उभी आहे: सबस्टेशनजवळ सोलर बसवायचं आणि शेतीचा फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणारी लाईन, दिवसा चालवायचा. २०२४ मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली. तिचा भार सरकारवर आणि जास्त दर मोजणाऱ्या कारखान्यांवर पडतो. तो हलका करायचा तर शेतीला तीन रुपयांच्या आसपासची सौर वीज देणं हाच सोपा मार्ग. म्हणजे महाराष्ट्रात सौर ऊर्जेला खरा राजकीय जोर हवामानबदलापेक्षा या अनुदानाच्या गणितातून मिळतोय. मला त्यात वाईट काही वाटत नाही. दिवसा पाणी भरता आलं, एवढं पुरे.

मला खरी काळजी जमिनीची वाटते. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील यांची पाच एकर जमीन वीज प्रकल्पासाठी गेली आणि मोबदला मिळाला सुमारे चार लाख. वाढीव मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालून त्यांनी मंत्रालयातच विष घेतलं, आणि २८ जानेवारी २०१८ ला ते गेले. धुळे जिल्ह्यात हे नाव काढलं की आजही बोलणं थांबतं. वीज उन्हाची असो वा कोळशाची, जमीन घेण्याची पद्धत तीच राहिली तर गावाला फरक काय?

भाडेपट्टा मला म्हणूनच बरा वाटतो. वाहिनी योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार, आणि सात-बारा तुमच्याच नावावर. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात आणि वर्षाला साधारण १५-१६ लाख युनिट निघतात. भागून बघा, जमीनमालकाच्या वाट्याला युनिटमागे साधारण १२ ते १७ पैसे येतात. मुरमाड माळरानाला हे चांगले पैसे आहेत. तापीकाठच्या केळीच्या जमिनीला अजिबात परवडणारे नाहीत, आणि तशी जमीन कुणी मागितली तर देऊ नका. गायरानाचं आणखी वेगळं. ते गेलं तर ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही त्याच्या शेळ्या चरायच्या कुठे, हे ठरावाला हात वर करण्याआधी ग्रामसभेत विचारा.