पुराव्यापुरता फोन

"मॅडम, तो मला आठवण येते म्हणून फोन करतो की कॉल लॉगसाठी, तेच कळेनासं झालंय."

फोंड्याच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एवढं बोलून ती रडायला लागली. डिचोलीकडची, वय अठ्ठावीस. नवरा मेलबर्नला, तिथला नागरिक. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला तिची परवानगी आहे.) जोडीदाराच्या व्हिसासाठी, ज्याला तिकडे ३०९ म्हणतात, अर्ज करून सात महिने झाले होते. जोडीदार परदेशात असलेली मुलंमुली माझ्याकडे येतात ती बहुतेक हेच विचारत: वाट बघून बघून आमचं नातंच बिघडतंय, काय करू?

हा अर्ज लग्न खरं असल्याचे पुरावे मागतो. एकत्र पैशांचे व्यवहार, घरसंसार, चार लोकांत नवरा-बायको म्हणून ओळख आणि एकमेकांची बांधिलकी, या चारही अंगांनी. खोटी लग्नंही होतात, त्यामुळे मागणी अन्यायाची आहे असं मी म्हणणार नाही. पण महिनोन्‌महिने तेच करत राहिलं की माणूस आपल्या संसाराकडे अधिकाऱ्याच्या नजरेने बघू लागतो. तिने प्रत्येक व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट ठेवला होता. वाढदिवसाला त्याने फुलं पाठवली तेव्हा आधी पावती फाइलला लावली, मग फुलं पाण्यात ठेवली. भांडण झालं की मेसेज पुसून टाकायची, कुणी वाचलं तर म्हणून. ज्या नात्यात मोकळेपणी भांडता येत नाही, त्यात जवळीक तरी कुठून यावी?

त्यात आपल्या गोव्याची एक गोष्ट. इथे रजिस्ट्रारपुढे दोनदा सही होते, पहिली लग्नाच्या इराद्याची आणि काही दिवसांनी पक्की. तो सुट्टीवर आला तेव्हा डिसेंबरात यांच्या सह्या झाल्या, मंगलाष्टका वैशाखात. अर्जात डिसेंबरची तारीख आणि नंतर जोडलेले फोटो मे महिन्यातले. 'आम्हाला खोटं ठरवतील' म्हणून ती तीन रात्री झोपली नव्हती. मी व्हिसाची जाणकार नाही, ते काम नोंदणीकृत मायग्रेशन एजंटचं. त्याने सांगितल्यावर तिने ही पद्धत चार ओळींत लिहून अर्जाला जोडली आणि विषय मिटला.

नोकरीचं मात्र तसं मिटणारं नव्हतं. म्हापशाला हिशेब बघायची, ते काम मे महिन्यातच सोडलेलं. "आता जायचंच आहे ना." बॅग भरलेली, हातात काम नाही, दुपारभर स्टेटसचं पान. शेजारीण रोज विचारणार, "कधी गो जातेस?" आणि सासूबाई व्हिसाचं नावच काढत नाहीत. मी त्यांना नकोशी झालेय, असा तिने अर्थ काढला होता.

व्हिसाची सगळी बोलणी आम्ही बुधवारच्या अर्ध्या तासात बांधली. कुठला कागद राहिला, पोलीस क्लिअरन्स आणि वैद्यकीय तपासणीची मुदत कधी संपते (ती साधारण वर्षभराची असते, घाईने आधीच केली तर पुन्हा करावी लागते), त्याला भेटायला व्हिजिटर व्हिसा मागायचा का. इतर दिवशी फोनवर तो विषय नाही आणि स्क्रीनशॉटही नाही. पहिल्या आठवड्यात दोघं नुसती गप्प बसून होती, असं तिने सांगितलं. मला ते चांगलं लक्षण वाटलं. मेमधल्या लग्नानंतर ती दोघं एका घरात राहिली होती ती उणेपुरे अठरा दिवस. बोलायला अजून काही जमलंच नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेच्या निकालासाठी चार महिने ताटकळणाऱ्यांचा अभ्यास केला आहे. काळजी दाबून टाकण्याच्या युक्त्या फारशा कामी येत नाहीत. त्यांच्या पुढच्या अभ्यासांत, हातातल्या कामात गुंगून जाता येणाऱ्यांना वाट पाहणं सोसवलं. तिला मी विचारलं, गुंग कशात होतेस? ती म्हणाली, फुगडीत. वाड्यावरच्या बायकांची चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, तालीम साडेचारला असायची आणि नेमका तेव्हा, तिकडच्या नऊ वाजता, त्याचा फोन. मी म्हटलं, फोनची वेळ बदला. फुगडीत दोन्ही हात दुसरीच्या हातात असतात, मोबाइल धरायला हात उरत नाही. म्हापशालाही ती परत गेली, अर्धवेळ. व्हिसा आला तर महिनाभर आधी कळवेन, असं मालकांना स्पष्ट सांगून.

पहिली चवथ नवऱ्याविना झाली. माहेरून वजे, म्हणजे चवथीची भेट, आलं, माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट) लागणारी रानफळं तिने सासूबाईंबरोबर फिरून गोळा केली. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मेलबर्नची घड्याळं एक तास पुढे गेली आणि फोनची वेळ परत हलली. त्यावरून दोघं कडकडून भांडली. मेसेज तिने पुसले नाहीत.

निर्णय अजून आलेला नाही. गेल्या भेटीला सासूबाई सोबत होत्या, नेहमीसारख्या बाहेर बाकावर बसलेल्या. ती औषधाच्या दुकानात गेली तेव्हा त्या आत आल्या, दार लोटून घेतलं.

"मुलगा तिकडे गेला त्याला नऊ वर्षं झाली. हिच्यामुळे घरात पुन्हा बोलणंचालणं आलं. हिचा व्हिसा यावा म्हणून मी रोज देवापुढे दिवा लावते," त्या म्हणाल्या, "आणि फोन वाजला की छातीत धस्स होतं. हे हिला कसं सांगू?"

पुढच्या मंगळवारची वेळ मी त्यांच्या नावावर लिहिली.