फोर्ड ८एनला ब्लोअर नको, ब्लेड लावा
कॅनडातल्या सस्कॅचेवानात तुमचा पहिलाच हिवाळा, गुरांच्या गव्हाणीपुढचा बर्फ हटवायचाय आणि हाताशी जुना फोर्ड ८एन ट्रॅक्टर, म्हणून सांगतो: त्याला स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून लांब फेकणारं यंत्र, जोडायची घाई करू नका. १९४७ ते १९५२ मधल्या या ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद जोडलेल्या यंत्राला देणारा फिरता दांडा, क्लचवरच चालतो. क्लच दाबला की ट्रॅक्टरबरोबर ब्लोअरही थांबतो, आणि पहिला गिअरसुद्धा दाट बर्फात जरा वेगवानच पडतो. गव्हाणीपुढच्या कामाला ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं, बर्फ ढकलणारं ब्लेड पुरे. त्याच्या खालच्या कडेला जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचं जाड रबर बोल्टने बसवा, म्हणजे काँक्रीट खरवडणार नाही. गव्हाणीच्या आतला बर्फ मात्र फावड्यानेच. तिथे रस्त्याचं मीठ अजिबात टाकू नका, ते थेट गुरांच्या पोटात जातं.

खरी गडबड होते ती बर्फ टाकायच्या जागेत. कुंपणाला टेकवून ढीग लावलात, तर तो घट्ट होतो आणि गुरं त्यावर चढून सरळ पलीकडे! वारा येतो त्या बाजूलाही नको. ढिगाच्या आडोशाला नवा बर्फ साचतो. वारा जातो तिकडे, लांब ढकला. मागच्या चाकांना साखळ्या हव्यातच. रात्री इंजिन गरम ठेवायला विजेचा ब्लॉक हीटर लावाल, त्याची वायर गुरांच्या तोंडापासून दूर ठेवा.