इंजिनिअर मुलगी आणि तिसरीचा वर्ग

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. ते कुपवाड एमआयडीसीत टर्नर आहेत. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर झाली, काही काळ कंपनीत क्वालिटी विभागात होती. ती नोकरी सोडून आता खासगी शाळेत तिसरी ते पाचवीच्या मुलांकडून पुठ्ठा, काड्या, छोट्या मोटरच्या वस्तू बनवून घेते. वडील विचारतात, "चार वर्षं फी भरली ती पुठ्ठे कापायला का? यात ती पुढं कुठं जाणार?"

नमस्कार,

पुठ्ठ्यांचं आधी बोलू. तिसरीतली बरीच मुलं पट्टी शून्याऐवजी एकच्या खुणेवर लावतात. मग पाच सेंटिमीटरचा पाय चारचाच कापला जातो आणि पुठ्ठ्याचं स्टूल डुगडुगतं. ते का डुगडुगतं हे बाईंनी सांगून टाकलं, तर तो तास हस्तकलेचा. पोरानं चारही पाय शेजारी ठेवून स्वतः चूक पकडली, तर इंजिनिअरिंगचा. आइस्क्रीमच्या चार काड्यांचा चौकोन टाचण्यांनी जोडला की दाबल्याबरोबर तिरका होतो. कर्णावर एक लांब काडी बसवली की हलत नाही. तुमच्या कारखान्याच्या शेडच्या छताला आधार देणाऱ्या कैच्या बघा, त्यांतही हेच त्रिकोण आहेत. एकदा तिच्या वर्गात जाऊन बसा, असं मी आग्रहानं सांगेन. मायक्रोमीटर घेऊन गेलात तर पोरं तुम्हाला सोडणार नाहीत.

आता पुढं जाण्याचं. ही काळजी मात्र खरी आहे. खासगी शाळेतला पगार कंपनीच्या तुलनेत बहुधा कमीच असतो, आणि दरवर्षी तोच पूल, तीच गाडी केली तर मुलगी तिथंच राहील. क्वालिटीत रिजेक्शनची, म्हणजे नापास झालेल्या मालाची, नोंद ठेवायची तिला सवय असेलच. तीच वर्गात लावावी : कुठली कृती कुठं फसली, मुलं काय म्हणाली, पुढच्या वेळी काय बदललं. उद्या दुसऱ्या शाळेत किंवा शैक्षणिक साहित्य बनवणाऱ्या संस्थेत मुलाखतीला गेली, तर ही वही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलेल.

प्रमाणपत्र लागणारच नाही असं नाही. इथं बरेच जण घाईनं बी.एड. करून फसतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी बी.एड. पात्रता धरता येणार नाही. तिथं डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आणि टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर लागतो. सहावीपासून पुढं शिकवायचं असेल तर बी.एड.; विज्ञान-गणित असलेल्या इंजिनिअरिंगच्या पदवीधरांना ५५ टक्क्यांवर त्याची दारं खुली आहेत. शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी हातानं वस्तू बनवून बघायच्या सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळा, याही सहावी ते बारावीसाठीच असतात. म्हणजे आधी कुठल्या वयाच्या मुलांत तिचं मन रमतं ते ठरवावं, मग फॉर्म भरावा.

दरम्यान तिनं पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमाचं काम बघून यावं. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. हातानं काम करत शिकणं हीच तिथली रीत आहे. तिथली पद्धत शाळांत आठवी ते दहावीला चालते, पण लहान मुलांसाठी त्यातलं काय घ्यायचं हे तिला बरोबर कळेल.

तिचे बारावीचे गुण तुम्ही लिहिलेले नाहीत. डी.एल.एड.चा प्रवेश बारावीवर होतो, तेवढे कळवा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.