टीव्हीखालच्या कपाटातला पीसी तापतो, सिनेमा बघताना पंखा घोंगावतो. काय करावं?

आधी कपाटाचं दार उघडं ठेवून १५-२० मिनिटं तोच सिनेमा चालवा. तापमान ८-१० अंशांनी उतरलं तर दोष पीसीचा नाही, कपाटाचा. बंद जागेत पंखा स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. तिथे पीसीतला महागडा कूलरही हतबल. मागची फळी काढा, वर-मागे ५-७ सेंमी जागा सोडा.

मग टास्क मॅनेजर बघा. ४के फाइलला सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) ६०-७० टक्के दिसत असेल तर डिकोडिंग, म्हणजे व्हिडिओ उलगडण्याचं काम, प्रोसेसरवर चाललंय. प्लेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग सुरू करा, म्हणजे ते काम ग्राफिक्स चिप करेल. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केलं की बहुतेक मशीनवर टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो. सिनेमाला त्याची गरज नसतेच.

आता पंखा. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ६० अंशांपर्यंत ३०-३५ टक्के वेग ठेवा, पुढे हळूहळू चढवा. वेग बदलायला काही सेकंदांचा विलंब देता येत असेल तर जरूर द्या, कारण सलग आवाजापेक्षा सतत वर-खाली होणारा आवाज जास्त खटकतो. केसमध्ये बसत असेल तर ८० मिमीऐवजी १२० मिमीचा ४ पिनवाला पंखा घ्या, तेवढीच हवा कमी फेऱ्यांत मिळते. ३ पिनचा पंखा मदरबोर्डवरच्या फक्त पीडब्ल्यूएम (चौथ्या पिनवरून वेग ठरवणाऱ्या) हेडरवर, म्हणजे पंख्याच्या जोडणीवर, लावलात तर तो पूर्ण वेगानेच फिरेल.

घरघर येत असेल तर बेअरिंग गेलंय, पंखाच बदला. तेल घालून फार दिवस निभत नाही.

धूळ ब्लोअरने काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.