वाचकांचे प्रश्न : 'कार्यकक्ष'चा आयकॉन कसा काढावा?

प्रश्न : आमच्या करसल्लागार कार्यालयासाठी एक वेब-ॲप तयार झालं आहे. अशिलांच्या फायली, कामांची यादी आणि आपसांतली चर्चा, सगळं एकाच ठिकाणी. नाव ठेवलंय 'कार्यकक्ष'. आयकॉनसाठी मी टेबल, त्यावर लॅपटॉप, कपबशी, कुंडी आणि मागे खिडकी असं चित्र काढलं. मोठं करून पाहिलं की छान दिसतं, पण ब्राउझरच्या टॅबवर नुसता डाग दिसतो. त्यातलं काय काढून टाकू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कपबशी, कुंडी, खिडकी आणि टेबल. लॅपटॉपही गेला तर उत्तमच.

टॅबवर तुम्हाला १६ बाय १६, म्हणजे एकूण २५६ पिक्सेल मिळतात. पाच वस्तूंत ते वाटले, तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम पन्नास येतात. त्यातूनच वस्तूंमधली मोकळी जागाही काढायची. डाग दिसणारच.

पण खरी अडचण वस्तूंच्या संख्येपेक्षा विषयात आहे. 'कामाची जागा' दाखवणारं, सगळ्यांना एका नजरेत कळेल असं तयार चित्र नाही. ब्रीफकेस काढली, तर अँड्रॉइडवर ती ऑफिसच्या वेगळ्या प्रोफाइलची खूण आहे आणि अनेक संकेतस्थळांवर नोकऱ्यांची. मॉनिटर काढला, तर लोक त्याला 'डिस्प्ले सेटिंग' समजतात. चार चौकोन म्हणजे 'सगळी ॲप्स'. टेबल-खुर्ची काढली की फर्निचरचं दुकान. १९८१ साली झेरॉक्सच्या 'स्टार' संगणकाने कागद, फोल्डर, टपालाची ट्रे अशी ऑफिसातल्या वस्तूंची चिन्हं पडद्यावर आणली. पण तिथे टेबल म्हणजे अख्खा पडदाच होता, त्याचं वेगळं चिन्ह काढायची वेळच आली नाही. तुम्हाला नेमकं तेच काढायचंय.

म्हणून ऑफिसचं दृश्य सोडा आणि ॲपची मांडणी काढा. तुमच्याकडे तीन गोष्टी एकत्र आहेत, तर एक चौकट आणि तिचे तीन भाग. त्यातला एक भाग भरीव ठेवा. तिन्ही पोकळ ठेवले किंवा डावी पट्टी भरली, तर ते 'साइडबार दाखवा-लपवा'च्या बटणासारखं दिसतं.

मापं २४ बाय २४ च्या ग्रिडवर देतो. चारही बाजूंनी किमान २ पिक्सेल कोरे सोडायचे. आडव्या चौकटीसाठी २० बाय १६ हे माप गूगलच्या 'मटेरियल' या डिझाइन-पद्धतीत रूढ आहे. तिथे चौरस १८ चा आणि वर्तुळ २० चं धरतात, कारण समान मापाचं वर्तुळ डोळ्याला चौरसापेक्षा लहान वाटतं.

रेघेची जाडी २. चौकटीची मध्यरेषा (म्हणजे तिच्या रेघेच्या जाडीचा मध्य) डावीकडून ३ आणि वरून ५ वर सुरू करा. रुंदी १८, उंची १४, कोपऱ्याची त्रिज्या २. बाहेरून ती बरोबर २० बाय १६ भरते. उभी रेघ ९ वर. त्यामुळे डावा कप्पा ४ रुंद आणि उजवा १० रुंद होतो. उजव्या कप्प्यात आडवी रेघ मारू नका. खालचा अर्धा भाग १२ पासून सरळ भरून टाका. त्याची वरची कडाच रेघेचं काम करते आणि वर-खाली सहा-सहा पिक्सेल पडतात. हा भरीव आयत चौकटीच्या आतल्या कडेला नुसता टेकवू नका, मध्यरेषेपर्यंत आत सारा (आडवा ९ ते २१, उभा १२ ते १९). नुसता टेकवला तर काही पडद्यांवर मध्ये केसाएवढी फिकट फट दिसते.

टॅबसाठी हेच चित्र लहान करायचं नाही. २४ चं १६ केलं की २ ची रेघ १.३३ ची होते आणि सगळ्या कडा धूसर होतात. १६ च्या ग्रिडवर नवं काढा : रेघ १, चौकट डावीकडून १.५ आणि वरून २.५ वर, रुंदी १३, उंची ११, उभी रेघ ५.५ वर. आत १० ओळी उरतात. वरच्या पाच कोऱ्या, खालच्या पाच भरीव. इथे आडवी रेघ मारली असती तर ९ ओळी उरल्या असत्या आणि त्या समान वाटता आल्या नसत्या.

आणखी एक. सुरुवात नेहमी १६ पासून करा आणि मग मोठ्या मापाकडे जा. बहुतेक जण उलटं करतात आणि मग कपबशी काढून टाकताना त्यांचा जीव तुटतो.

प्रश्न : इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे तुमच्यासारखेच टाकतो, तरी पीएनजी काढल्यावर कडा धूसर येतात.
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही आकडे टाकताय, पण इंकस्केप त्यांचा अर्थ वेगळा घेतो. वरच्या पट्टीतले एक्स, वाय, रुंदी, उंची हे मूळ सेटिंगमध्ये रेघेच्या जाडीसकट मोजलेले असतात. वरच्या चौकटीसाठी तिथे ३, ५, १८, १४ नव्हे, तर २, ४, २०, १६ दिसायला हवेत. मध्यरेषेचे आकडे हवे असतील तर प्रेफरन्सेसमधल्या 'टूल्स'मध्ये बाउंडिंग बॉक्स (आकाराभोवतीची मोजमापाची चौकट) 'व्हिज्युअल'ऐवजी 'जिऑमेट्रिक' करा.

मूळ कारण असं : रेघ मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरते. जाडी सम असेल तर मध्यरेषा पूर्णांकावर हवी, विषम असेल तर अर्ध्यावर. १ जाडीची रेघ ५ वर ठेवली की ती ४.५ ते ५.५ पसरते आणि दोन पिक्सेल अर्धेअर्धे रंगतात. काळ्याची जागा करडा घेतो. दीड पिक्सेलची रेघ साध्या पडद्यावर कशीही ठेवली तरी एका बाजूने धूसर राहते, ती टाळा.

ओढून-ताणून माप बदललं असेल तर 'आकार बदलताना रेघेची जाडीही बदला' हा पर्याय चालू आहे का तेही बघा. जाडी गुपचूप १.९७ झालेली असते.

शेवटी 'स्ट्रोक टू पाथ' (रेघेचा भरीव आकार होतो), मग 'युनियन' (सगळे आकार एक होतात), मग 'प्लेन एसव्हीजी' या फाइलप्रकारात सेव्ह. रेघांची मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. युनियननंतर जाडी बदलता येत नाही.

प्रश्न : अँड्रॉइड ॲपला चौकोनी पीएनजी दिली. एका फोनवर तिचे कोपरे कापले जातात, दुसऱ्यावर ती पांढऱ्या गोळ्यात बारीक होऊन बसते. आणि थीमचा रंग लावला की नुसता भरीव ठोकळा दिसतो.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ही तीन वेगळी दुखणी आहेत.

अँड्रॉइड ८ पासून (२०१७) आयकॉन दोन थरांत द्यावा लागतो, पुढचा आणि मागचा, दोन्ही १०८ बाय १०८ (अँड्रॉइडच्या 'डीपी' या एककात). त्यातला मधला ७२ चा भाग दिसतो आणि त्याचा आकार फोन बनवणारी कंपनी ठरवते : गोल, चौकोनी, गोलसर कोपऱ्यांचा. कुठल्याही आकारात न कापला जाणारा भाग म्हणजे मधलं ६६ व्यासाचं वर्तुळ. आपली २० बाय १६ ची चौकट अडीचपट केली की ५० बाय ४० होते. तिचा कर्ण सुमारे ६४, म्हणजे ती वर्तुळात मावते. ती डावीकडून २९ आणि वरून ३४ वर ठेवा. मागच्या थरात सपाट रंग, अगदी कडेपर्यंत.

थर दिले नाहीत तर बरेच लाँचर (फोनचा होम-स्क्रीन दाखवणारी ॲप्स) जुनी पीएनजी लहान करून पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवतात. तुमचा पांढरा गोळा तो.

ठोकळ्याचं कारण म्हणजे अँड्रॉइड १३ मधला, थीमच्या रंगासाठीचा एकरंगी थर. तिथे रंग बघितलाच जात नाही, फक्त 'इथे काही आहे की पारदर्शक आहे' एवढंच बघितलं जातं. कोरे कप्पे पांढऱ्या रंगाने भरले असतील तर तेही 'आहे' या खात्यात जातात. कप्पे खरोखर पोकळ करा. युनियन केलेल्या आकारात ते आपोआप पोकळच असतात. पोकळी 'इव्हन-ऑड' (आकाराच्या आत आकार आला की आतला पोकळ धरायच्या) पद्धतीने केलेली असेल तर लक्षात ठेवा, अँड्रॉइडच्या व्हेक्टर फाइलमध्ये ती सोय ७.० पासून आहे. त्याआधीच्या फोनवर कप्पे बुजतात.

वेब-ॲपच्या मॅनिफेस्टमध्ये (ॲपचं नाव, आयकॉन अशी माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) १९२ आणि ५१२ ची पीएनजी द्या. 'मास्केबल' (फोनला हव्या त्या आकारात कापता येणारी) फाइल वेगळी करा. तिथे सुरक्षित वर्तुळ ८० टक्के व्यासाचं, म्हणजे ५१२ मध्ये सुमारे ४०९. चौकट पंधरापट, ३०० बाय २४०, निर्धास्त बसते. एकच फाइल दोन्ही कामांना लावली तर इतर ठिकाणी चिन्ह उगाच बारीक दिसतं. आयफोनसाठी १८० ची फाइल द्या आणि तिला पार्श्वभूमी भरा. पारदर्शक भाग तिथे काळा होऊ शकतो.

प्रश्न : चित्राऐवजी सरळ देवनागरी 'का' वापरला तर?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चालेल, आणि इंग्रजी अक्षरांच्या टॅबांच्या रांगेत तो पटकन सापडेलही. पण 'का' पेक्षा नुसता 'क' घ्या. १६ पिक्सेलमध्ये काना आणि 'क'चं उजवं वळण शेजारीशेजारी येतात आणि मधली फट बुजते. वेलांटी, मात्रा, रफार यांनी शिरोरेघेच्या वर जागा खाल्ली की खालचं अक्षर आणखी दबतं. 'क्ष'ची गाठ तर भरूनच जाते.

मुंबईच्या 'एक टाइप' या टंक बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' हा टंक (फॉन्ट) मुक्त परवान्यात आहे. त्याची जाड वजनं या कामाला चांगली. अक्षर टाइप करून तसंच सोडू नका, आधी त्याचा पाथ (नुसता आकार) करा. नाहीतर ज्या संगणकावर तो टंक नाही तिथे भलताच 'क' दिसेल. मध्यावर आणणंही पाथ केल्यावरच, कारण अक्षरसंच ओळीच्या वर-खाली मात्रा-उकारांसाठी जागा राखून ठेवतो आणि तीही मोजली जाते. शिरोरेघेची वरची-खालची कड पूर्ण पिक्सेलवर बसवा. एवढं साधलं तरी अक्षर निम्मं सुधारतं.

प्रश्न : रंग किती घ्यावेत?
— एक वाचक, पणजी

उत्तर : चित्राला एक, पार्श्वभूमीला एक. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये गूगलने 'जी सूट'चं 'वर्कस्पेस' केलं आणि जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट या सगळ्यांना तेच चार रंग दिले. लहान आकारात एकातून दुसरं ओळखता येईना, अशी ओरड तेव्हा बरीच झाली. रंग सगळ्यांना सारखेच असतील तर ओळख पटवायला आकार मजबूत लागतो.

चित्र आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ३ : १ ठेवा, वेब सुगम्यतेच्या नियमांत चिन्हांसाठी हीच मर्यादा आहे. पांढऱ्यावर करडा घ्यायचा तर लाल, हिरवा, निळा तिन्ही १४८ ही जवळपास शेवटची पायरी, त्याहून फिकट नको. शुद्ध पिवळा पांढऱ्यावर १.०७ : १ भरतो, म्हणजे जवळपास अदृश्य. मेनूतल्या आयकॉनला स्वतःचा रंग देऊच नका. एसव्हीजीत 'करंट-कलर' लिहा, म्हणजे तो शेजारच्या मजकुराचा रंग घेतो आणि डार्क मोडमध्ये वेगळी फाइल लागत नाही.

प्रश्न : लोकांना आयकॉन कळतोय की नाही, हे कसं तपासायचं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : 'आवडला का?' असं विचारू नका, लोक 'हो' म्हणतात. खऱ्या मापात, इतर आठ-दहा आयकॉनच्या मध्ये, नाव झाकून दाखवा आणि विचारा : यावर बोट ठेवलं तर काय उघडेल? 'माझी कामं', 'ऑफिसचं ॲप' अशी उत्तरं आली तर ठीक. 'सेटिंग', 'पडद्याची मांडणी' अशी आली तर भरीव भाग बदलून पाहा. मेनूत मात्र आयकॉनखाली 'कार्यकक्ष' हे नाव कायम ठेवा. चित्र २४ चं असलं तरी बोट टेकवायची जागा ४८ ची ठेवा.