मांजराला केबिनमधून न्यायचंय? आधी रक्ततपासणीची तारीख ठरवा

तुम्ही लिहिलंय, नाशिकहून म्युनिकला जायचंय, १ ऑक्टोबरला नोकरीवर रुजू व्हायचंय. घरात दोन वर्षांची, साडेतीन किलोची माऊ आहे. रेबीजची लस फेब्रुवारीत झालीय, कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप बसवलेली नाही. तिला केबिनमध्ये सोबत घेता येईल का आणि विमान कंपनी कोणती निवडावी, असा तुमचा प्रश्न आहे.

केबिनमध्ये घेता येईल, पण १ ऑक्टोबरला नाही. हे आत्ता जुलैतच कळलेलं बरं, म्हणून आधी सांगते.

रेबीजच्या बाबतीत युरोपियन युनियन ज्या देशांना सूट देते त्यांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे आपल्याकडून जाणाऱ्या मांजराच्या किंवा कुत्र्याच्या रक्तात लशीने पुरेशी प्रतिकारशक्ती आली आहे का, हे तपासावं लागतं. डॉक्टर याला टायटर टेस्ट म्हणतात. क्रम असा: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस (त्याच दिवशी, चिपनंतर दिली तरी चालते), लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त आणि रक्त घेतल्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबणं. अहवालात आकडा ०.५ किंवा त्याहून जास्त हवा. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत, म्हणजे तुमची फेब्रुवारीची लस या कामाची नाही. समजा १५ जुलैला चिप आणि लस केली, १६ ऑगस्टला रक्त दिलं, तर माऊ १६ नोव्हेंबरच्या आधी जर्मनीत उतरू शकत नाही. यात पैसे भरून किंवा ओळख काढून एक दिवसही कमी होत नाही.

माझं याच पायरीवर चुकलं. माझी मांजर चिंगी पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेली. लस आधी टोचली गेली आणि चिप चार दिवसांनी बसली. डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. रक्ताचा अहवाल उत्तम आला, तिकिटं निघाली आणि शेवटच्या कागदपत्रांच्या वेळी कुणीतरी दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या. सगळं पहिल्यापासून. नवरा ठरल्या तारखेला गेला, मी चिंगीला घेऊन आईकडे चार महिने राहिले. तेव्हा फार रडले होते. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, लसीकरणाच्या पुस्तिकेत चिपची तारीख आणि लशीची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. चिप पंधरा आकडी, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची हवी. रक्त काढण्याआधी डॉक्टरांना रीडरने ती वाचायला सांगा आणि तोच नंबर प्रयोगशाळेच्या अर्जावर एकेक आकडा जुळवून लिहून घ्या.

प्रयोगशाळा युरोपियन युनियनने मान्यता दिलेलीच लागते. आमचा नमुना जर्मनीला गेला होता. रक्त तसंच पाठवत नाहीत, त्यातलं सीरम वेगळं करून थंड ठेवून पाठवतात, तेव्हा हे काम आधी केलेल्या डॉक्टरांकडेच जा. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या पिल्लांचा आकडा कधीकधी कमी भरतो, म्हणून काही डॉक्टर दोन डोस देऊन मग रक्त घेतात. तुमच्या माऊबाबत हे विचारून ठेवा. एकदा पास झालेली तपासणी पुढेही चालते, फक्त रेबीजचा बूस्टर एकदाही चुकता कामा नये.

आता तुमच्या घरातल्या प्रश्नाकडे येते, कारण तुमची नोकरी नोव्हेंबरपर्यंत थांबणार नाही. मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं, तर तो घरगुती प्रवास धरत नाहीत, व्यापारी वाहतुकीचे वेगळे नियम लागतात. तुम्ही ऑक्टोबरमध्ये गेलात आणि डिसेंबरमध्ये भावाने माऊ आणून सोडली, असं सरळ जमत नाही. तुमचे यजमान मागून येणार असतील, तर पहिल्या दिवसापासून कागदांवर मालक म्हणून त्यांचंच नाव घाला आणि त्यांनीच तिला आणावं. नाहीतर नाताळच्या सुट्टीत तुम्ही स्वतः येऊन घेऊन जा. मला विचाराल तर यजमानांचा मार्ग चांगला. माऊला ओळखीचं माणूस एक दिवसही सुटत नाही.

निघण्याच्या आधीच्या दहा दिवसांत सरकारी आरोग्य प्रमाणपत्र घ्यायचं असतं. ते केंद्र सरकारच्या पशुसंगरोध विभागाकडून मिळतं, सगळे त्याला एक्यूसीएस म्हणतात. तुम्हाला मुंबईचं कार्यालय सोयीचं. या प्रमाणपत्राचा युरोपने ठरवलेला नमुना असतो आणि तो इंग्रजीसोबत, जिथे पहिल्यांदा उतराल त्या देशाच्या भाषेत लागतो. थेट म्युनिक किंवा फ्रँकफर्टला उतरलात तर जर्मन. ॲम्स्टरडॅमला विमान बदललंत तर तपासणी तिथेच होईल आणि नमुनाही डच हवा. शनिवार, रविवार आणि सणांच्या सुट्ट्या मोजून तारीख घ्या. मूळ अहवाल, लशीची पुस्तिका, पासपोर्ट, तिकीट, सगळ्याच्या दोन-दोन प्रती ठेवा.

विमान कंपनीचं बोलू. लुफ्तान्सा केबिनमध्ये बॅगेसकट ८ किलोपर्यंत घेते, बॅग ५५ × ४० × २३ सेंटिमीटरपर्यंत. केएलएमचीही वजनमर्यादा ८ किलोच, पण बॅग लहान लागते, ४६ × २८ × २४. तुमच्या माऊला वजनाची अडचण नाही. एमिरेट्स आणि कतार एअरवेज मांजर केबिनमध्ये घेत नाहीत, त्यामुळे आखाती मार्गाचं स्वस्त तिकीट पाहून भुलू नका. लंडनमार्गे तर मुळीच नको, ब्रिटनमध्ये मांजर केबिनमधून उतरवताच येत नाही, मालवाहू म्हणूनच जावं लागतं. एका विमानात मोजकेच प्राणी घेतात. आधी फोन करून जागा आहे का विचारा, तिकीट मग काढा आणि माऊची नोंदणी झाल्याचं लेखी घ्या.

बॅग मऊ कापडाची घ्या आणि आजच घ्या. झाकण उघडं ठेवून दिवाणखान्यात ठेवा, आत तुमची जुनी ओढणी घाला, जेवण तिथेच द्या. चिंगी पहिले दोन आठवडे बॅगेकडे फिरकली नाही. महिन्याभरात दुपारची झोप तिथेच काढू लागली. आमच्या प्रवासात सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. नंतर रिक्षातून दहा मिनिटं, मग गाडीतून तासभर असं वाढवत न्या. नाशिक ते मुंबई हा घाट तिला आधी एकदा घडू द्या.

सुरक्षा तपासणीला मांजर बाहेर काढावं लागतं, बॅग यंत्रातून जाते आणि तिला कडेवर घेऊन तुम्ही चालत जाता. मुंबईच्या विमानतळावर पहाटे दोन वाजताही केवढा गोंगाट असतो! घट्ट बसणारा हार्नेस आणि त्याचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला, याशिवाय चेन उघडू नका. बंद खोलीत तपासणी करा अशी विनंती केली तर बहुधा ऐकतात, आमचं ऐकलं.

झोपेचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. विमानात हवेचा दाब कमी असतो आणि गुंगीत रक्तदाब, श्वास खाली जाण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी भीती कमी करणारं काही दिलंच, तर आधी घरी एकदा देऊन पाहा. निघण्याच्या पाच-सहा तास आधी जेवण बंद, पाणी थोडंथोडं. खाली शोषून घेणारे पॅड अंथरा, दोन जास्तीचे जवळ ठेवा. चिंगीने पुण्याच्या घरापासून म्युनिकच्या घरापर्यंत एकदाही शू केली नाही. मीच सारखी बॅगेत हात घालून पाहत होते. विमान वर चढताना ती ओरडली, मग नऊ तास माझ्या बोटावर हनुवटी टेकून पडून राहिली.

उतरल्यावर हिरव्या वाटेने, म्हणजे ज्यांना काही जाहीर करायचं नाही त्यांच्या वाटेने, बाहेर पडू नका. लाल वाटेने जाऊन कस्टमला स्वतः सांगा. ते चिप वाचतात, कागद पाहतात. कागद अपुरे असतील तर प्राणी परत पाठवतात किंवा तुमच्या खर्चाने वेगळा ठेवतात, आणि काहीच जमलं नाही तर शेवटी जीव घेण्याचीही कायद्यात तरतूद आहे. तारखांबद्दल मी इतकी हट्टी का, ते यावरून कळेल.

भाड्याच्या घराची काळजी थोडी कमी करा. कुत्रा-मांजर सरसकट नको, अशी भाडेकरारातली अट जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ साली अवैध ठरवली आहे. तरी घर पाहतानाच माऊचं सांगून टाका.

या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. चिप आणि लशीची नोंद झाली की दोन्ही तारखा मला कळवा, पुढचं वेळापत्रक मी तुमच्यासोबत बसून मोजते.