कोरोनात सरकार निर्बंध कधी कडक, कधी सैल कशावरून करायचं?

नुसत्या रुग्णसंख्येवरून नाही, हॉस्पिटलं किती भरलीत यावरून जास्त. जून २०२१ ला महाराष्ट्रात ५ लेव्हल केल्या होत्या बघा, पॉझिटिव्हिटी रेट (म्हणजे शंभर टेस्टमध्ये किती पॉझिटिव्ह) ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेले असले की पहिली लेव्हल, म्हणजे जवळपास सगळं सुरू. पण आकड्यांच्या मागे दबावही असतोच, दुकानदार, हॉटेलवाले, हातावर पोट असलेली माणसं, आमच्या कोपऱ्यावरचा चहावाला अर्धं शटर खाली ओढून आतून कप द्यायचा, त्याला किती दिवस थांबवणार? मग लस वाढली तशी ढिलाई, १५ ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना लोकल आणि मंदिरं थेट ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडली. ती तारीख काही नुसते बेड मोजून ठरली नसणार असं मला वाटतं.